लहान किचनसाठी हीटर: जमीन न अडवता पायांना ऊब कशी द्यायची

पत्र असं आलंय:

"ताई, नमस्कार. आमचं किचन १० बाय ७ फुटांचं आहे. एल आकाराचा ओटा, सिंकच्या वर खिडकी आणि ती भिंत बाहेरची, त्यामुळे थंडीत सकाळी तिथे उभं राहवत नाही, फरशी तर बर्फच. घर आमचं स्वतःचं आहे पण फरशी फोडायची तयारी नाही. सेंट्रल हीटिंग नाही, जे काय करायचं ते विजेवरच. सासूबाई सकाळी स्टुलावर बसून भाजी चिरतात, त्यांचे गुडघे धरतात. मी ओट्यावर ठेवायचा छोटा फॅन हीटर बघितला, नवरा म्हणतो ऑइल हीटर घेऊ, त्याला वीज कमी लागते, आणि मैत्रिणीने सीलिंगला लावायचं इन्फ्रारेड पॅनल सांगितलं. जागा तर अजिबात नाही, दोघी उभ्या राहिलो की तिसरं माणूस मावत नाही. तोपर्यंत मी सकाळी गॅसचे दोन बर्नर नुसतेच पेटवून ठेवते दहा-पंधरा मिनिटं. काय घेऊ सांगा. - थंडीला कंटाळलेली"

अगं, हीटरचं सगळं सांगते, पण आधी तुझ्या पत्रातली शेवटची ओळ. ते बर्नर नुसते पेटवून ठेवणं आजपासून बंद कर, प्लीज. उद्यापासून नाही, आजपासून. थंडीत आपण खिडकी गच्च लावतो, दाराखालची फट बुजवतो, आणि अशा बंद खोलीत गॅस जळत राहिला की हवेतला ऑक्सिजन कमी होत जातो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार व्हायला लागतो, त्याला ना रंग ना वास, डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं आणि माणसाला वाटतं झोप नीट झाली नाही म्हणून होतंय. ज्योत निळी न दिसता पिवळी दिसायला लागली असेल तर गॅस नीट जळत नाहीये हे नक्की समज आणि बर्नर साफ करून घे. त्यातून तुझ्या सासूबाई तिथे स्टुलावर बसलेल्या असतात, वयस्कर माणसाला याचा त्रास लवकर होतो. आणि अजून एक, गॅस जळताना वाफ पण बनते, एक किलो एलपीजी जळला की दीड किलोपेक्षा जास्त पाणी वाफेच्या रूपात हवेत जातं, तेच मग थंड खिडकीवर आणि बाहेरच्या भिंतीवर ओल धरतं आणि कोपऱ्यात काळी बुरशी येते. म्हणजे ऊब पाच मिनिटांची आणि ओल कायमची. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मिळतो बॅटरीवरचा, गॅस वापरणाऱ्या प्रत्येक घरात तो असावा असं मला मनापासून वाटतं, फक्त शेगडीच्या अगदी डोक्यावर लावू नका, थोडा लांब लावा.

आता हीटर.

तू विचारलंयस तीनपैकी कुठला, आणि मी तुला चौथाच सांगणार आहे, पण का ते आधी समजून घे म्हणजे दुकानात कोणी काही सांगितलं तरी गोंधळ होणार नाही. बहुतेक लोक हीटर घेताना वॉट बघतात आणि किंमत बघतात. लहान किचनमध्ये या दोन्हीच्या आधी बघायचं ते हे, की तू तिथे किती वेळ असतेस आणि तुला थंडी नक्की कुठे लागते. किचन म्हणजे काही झोपायची खोली नाही, तिथे कोणी आठ तास बसत नाही, सकाळी पाऊण तास, दुपारी थोडं, संध्याकाळी परत तासभर. म्हणजे तुला ऊब लगेच पाहिजे आणि काम झालं की लगेच बंद करता आली पाहिजे. आणि थंडी कुठे लागते? पायांना. शेगडी चालू झाली की वरचा अर्धा भाग तसाही तापतो, गरम हवा वर जाते, तोंडाला घाम आणि पायाला गोळे अशी अवस्था असते, तुझ्या पत्रातही फरशी आणि गुडघे हेच आहे ना. म्हणून जो हीटर खालून, फरशीच्या उंचीवर, दोन-तीन मिनिटांत गरम हवा सोडेल आणि तरीही जमिनीवर एक इंच जागा घेणार नाही तो तुझ्यासाठी बरोबर.

असा हीटर मिळतो. त्याला प्लिंथ हीटर म्हणतात, काही ठिकाणी किकस्पेस हीटर. ओट्याखालच्या कॅबिनेटच्या तळाशी, जिथे आपली पायाची बोटं आत जातात, तिथे एक उभी पट्टी असते बघ, स्कर्टिंगची, तिच्यामागे पोकळी असते. कॅबिनेट पायांवर उभं असतं आणि खाली सगळी जागा रिकामी, धूळ आणि कधी काळी पडलेला चमचा सोडून तिथे काही नसतं. हा चपटा हीटर त्या पोकळीत जातो, पट्टीला चौकोनी कापून तिथे त्याची जाळी बसते, आत कॉइल आणि छोटा पंखा, बस. बाहेरून फक्त एक लांबट जाळी दिसते. तू ओट्यापाशी उभी राहिलीस की बरोबर पावलांवर गरम हवा येते आणि ती मग हळूहळू वर चढते, म्हणजे खोली खालून गरम होत येते, जी दिशा आपल्याला पाहिजे तीच.

पण तुझ्याकडे ती पोकळी आहे का हे तुलाच बघायला लागेल. टॉर्च घे, खाली बस आणि स्कर्टिंगची पट्टी काढून बघ, बऱ्याच किचनमध्ये ती क्लिपवर बसवलेली असते, खेचली की निघते. आत तीन गोष्टी बघ. उंची किती आहे, बहुतेक मॉडेलना साधारण १० सेंटीमीटर तरी लागतेच, १५ असेल तर उत्तम. आतपर्यंत खोली किती आहे, मध्ये पाण्याचा किंवा गॅसचा पाइप आडवा गेलाय का. आणि फरशी कोरडी आहे का. सिंकच्या बरोबर खाली लावू नको, तिथे कधी ना कधी गळतं, फ्रिजच्या शेजारीही नको कारण फ्रिजला गरम हवा लागली की त्याचा कॉम्प्रेसर जास्त चालतो आणि वीज दोन्हीकडून जाते. ओव्हनच्या खाली पण नको. ज्या कॅबिनेटखाली बसवशील त्याचा तळ थोडा कोमट होतो, तर त्यात कांदे-बटाटे, तेलाचे डबे ठेवू नको, भांडी ठेव. तुझ्या एल आकारात मला वाटतं लांब बाजूच्या मधोमध, जिथे तू चिरायला उभी असतेस आणि सासूबाईंचं स्टूल असतं, ती जागा बरोबर पडेल, पण सासूबाईंचे पाय जाळीपासून निदान हात-दीड हात लांब असू देत, वयस्कर माणसांची कातडी कोरडी आणि नाजूक असते, शिवाय कित्येकदा पायाला चटका बसतोय ते लवकर कळत नाही, त्यात मधुमेह असेल तर अजूनच. आणि साडीचा घोळ किंवा शाल जाळीवर येता कामा नये.

ओटा खालपर्यंत बांधलेला असेल, विटांचा नाहीतर कडप्प्याचा, किंवा ट्रॉल्या अगदी जमिनीला टेकलेल्या असतील तर ही पोकळी नसते, मग हा हीटर विसर. त्यावेळी काय करायचं ते पुढे सांगते.

वॉट किती घ्यायचे. ढोबळ हिशेब असा की एका चौरस फुटाला १० वॉट. तुझं किचन ७० चौरस फूट, म्हणजे ७०० वॉट. घराला इन्सुलेशन चांगलं असेल तर याहून कमी पुरतं. तुझी एक भिंत बाहेरची, वर खिडकी, म्हणून थोडं जास्त धर, पण फ्रिज आहे, शेगडी आहे, तेही उष्णता सोडतातच, त्यामुळे १००० वॉट तुला भरपूर झाले. बरेच प्लिंथ हीटर दोन स्पीडचे असतात, कमीवर १००० आणि जास्तवर २०००. पहिली पाच मिनिटं २००० वर आणि नंतर कमीवर, असं चालव. आवाजाचं मात्र आधीच सांगून ठेवते, पंखा आहे म्हणजे आवाज आहे, जास्त स्पीडला एक्झॉस्टसारखी घरघर असते, म्हणून दुकानात चालू करून ऐक, नुसतं बॉक्सवर लिहिलेलं वाचून घेऊ नको. आणि त्याचा स्विच वर, हाताच्या उंचीला भिंतीवर लावून घे, काही मॉडेलना स्विच खाली जाळीपाशीच असतो आणि रोज सकाळी वाकून पायाने दाबत बसावं लागतं. जमलं तर टायमरवाला स्विच, अर्ध्या तासाने आपोआप बंद होणारा, कारण किचनमधून घाईत बाहेर पडताना हीटर राहूनच जातो.

आता नवऱ्याचं म्हणणं. ऑइल हीटरला वीज कमी लागते हे मी इतक्या जणांकडून ऐकलंय की एकदा नीट लिहिते. विजेवर चालणारा कॉइलचा कुठलाही हीटर, मग तो ऑइलचा असो, सिरॅमिक असो, फॅनचा असो की पॅनल, तो एका युनिटमधून तेवढीच उष्णता देतो, एक युनिट वीज घातली की एक युनिट ऊब, कमी नाही जास्त नाही. तेलामुळे काही जादू होत नाही. तेल तापायला वेळ लागतो आणि थंड व्हायलाही वेळ लागतो, एवढाच फरक. झोपायच्या खोलीत तो छान, आवाज नाही, रात्रभर संथ ऊब. पण किचनमध्ये तो वीस-तीस मिनिटांनी कुठे अंगाला जाणवायला लागणार आणि तोवर तुझं काम संपत आलेलं असणार, मग तू बाहेर गेल्यावर तो रिकाम्या खोलीला गरम करत बसणार. वर तो चाकांवरचा जड ठोकळा, दोघींच्या पायात. हातात गरम पातेलं असताना त्याला पाय अडकला तर काय होईल याचा विचार कर. नवऱ्याला सांग की वीज वाचते ती कमी वेळ चालवल्याने. १००० वॉटचा हीटर एक तास चालला की एक युनिट, सकाळी पाऊण तास आणि संध्याकाळी तास चालवलास तर दिवसाला पावणेदोन युनिट, आणि थर्मोस्टॅटने मध्ये बंद केला तर त्याहून कमी. तुझ्या बिलावर युनिटचा दर आहेच, त्याने गुण, कळेल. विजेवर खरोखर कमी युनिटमध्ये जास्त ऊब देणारी एकच गोष्ट आहे ती म्हणजे हीट पंप, म्हणजे हीटिंग मोडवाला इन्व्हर्टर एसी, तो एका युनिटमध्ये साधारण तीन युनिटची ऊब देऊ शकतो कारण तो बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढतो. शेजारच्या खोलीत असा एसी असेल तर किचनचं दार उघडं ठेवून आधी तो चालवून बघ, कदाचित अर्धं काम तिथेच होईल. पण फक्त ७० फुटांच्या किचनसाठी एसी बसवायचा म्हणजे खर्च फार आणि तेलकट वाफेने त्याचे फिल्टर सारखे बुजणार, मी नाही सांगणार.

ओट्यावरचा फॅन हीटर. नको गं. स्वस्त आहे, लगेच गरम करतो, सगळं खरं, पण ओट्यावर नको. सिंक तिथेच, ओले हात तिथेच, त्याची वायर ओट्यावरून लोंबणार, फॅन असल्यामुळे तेलाची वाफ आणि पिठाची भुकटी आत ओढून तापलेल्या कॉइलवर बसवणार, मग जळका वास, आणि गरम हवेचा झोत शेगडीकडे गेला तर बारीक ज्योत विझूनही जाऊ शकते आणि गॅस तसाच चालू राहतो. ज्या हीटरची कॉइल लालबुंद दिसते, हॅलोजन किंवा क्वार्ट्झच्या कांड्यांचा, तो तर किचनच्या आसपासही नको, एखादं फडकं जवळ गेलं की संपलं.

मैत्रिणीचं पॅनल, ते वाईट नाही, उलट तिघांत तेच मला बरं वाटतं. दोन-तीन सेंटीमीटर जाड, सीलिंगला चिकटून बसतं, आवाज नाही, पंखा नाही त्यामुळे तेलकट धूळ आत जायचा प्रश्न नाही, वरून एका फडक्याने पुसलं की झालं. ते हवा गरम करत नाही, समोर जे आहे त्याला गरम करतं, उन्हात उभं राहिल्यासारखं. आणि तिथेच तुझ्यासाठी अडचण आहे. त्याच्या समोर जे येतं तेवढंच गरम होतं. डोकं, खांदे, हात मस्त. पण तू ओट्याला टेकून उभी राहिलीस की तुझे गुडघे-पाय ओट्याच्या सावलीत, स्टुलावर बसलेल्या सासूबाईंच्या मांडीवर ताट असेल तर खालचे पाय त्या ताटाच्या सावलीत, आणि त्यांना त्रास नेमका तिथेच आहे. वरच्या कपाटांची दारं उघडली की तीही मध्ये येतात. म्हणून पॅनल घ्यायचंच झालं तर सीलिंगला न लावता मोकळ्या भिंतीवर, ज्या भिंतीसमोर स्टूल असतं तिथे खालच्या बाजूला लावता येतं का ते बघ, फक्त त्याचा पृष्ठभाग ८०-१०० डिग्रीपर्यंत तापू शकतो, त्याच्या समोर डबे, पडदा, कॅलेंडर काही नको.

पोकळी नसेल तर काय, ते राहिलं होतं. मग दाराच्या वर भिंतीला लावायचा, वरून खाली हवा मारणारा फॅन हीटर बघ, बाथरूमसाठी विकतात तसला. तोही जमीन अडवत नाही, ओटा अडवत नाही. पायांपर्यंत ऊब पोचायला प्लिंथपेक्षा वेळ घेतो आणि शेगडीकडे तोंड करून लावायचा नाही एवढं सांभाळलं की चालतो. घरात रांगतं किंवा नुकतं चालायला लागलेलं मूल असेल तर तर मी पोकळी असूनही हाच लावा म्हणेन, कारण प्लिंथची जाळी मुलाच्या बरोबर हाताशी येते आणि ती तापते. कुठलाही घेतलास तरी त्यावर आयपी रेटिंग, म्हणजे धूळ-पाण्यापासून तो किती सुरक्षित आहे त्याचा आकडा, बघ, सिंकच्या जवळपास लावायचा असेल तर आयपीएक्स४ किंवा आयपी२४, त्यातला शेवटचा ४ म्हणजे कुठूनही पाण्याचे शिंतोडे उडाले तरी चालतं. जास्त तापल्यावर आपोआप बंद होणारा कटऑफ तर पाहिजेच. फरशीखालची हीटिंग मॅट तू फोडाफोड नको म्हणालीस म्हणून सोडून देते, कधी फरशी बदललीस तर तेव्हा नक्की विचार कर.

आता वायरिंग, आणि हे मी कुठल्याच पत्रात सोडत नाही. २३० व्होल्टवर २००० वॉटचा हीटर साधारण ८.७ अँपियर ओढतो. किचनच्या सर्किटला १६ अँपियरचा एमसीबी (जास्त भार आला की आपोआप पडणारा स्विच) असेल तर त्यावर एकूण साधारण ३७०० वॉट चालतात. २००० चा हीटर आणि २२०० ची केटल एकदम लावली की ४२०० झाले, एमसीबी लगेच नाही तरी थोड्या वेळाने पडू शकतो, आणि पडला तर बरंच, वायर आत गरम होत राहणं जास्त वाईट. (जिथे १२० व्होल्ट आहेत तिथे १५०० वॉटच १२.५ अँपियर घेतात, म्हणजे तिथे अजूनच जपून.) म्हणून इलेक्ट्रिशियनला बोलावून हीटरला वेगळी लाइन काढून घे, अर्थिंग तपासून घे, आणि आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच तोडणारा स्विच, आहे का विचार, पाण्याजवळची वीज आहे, तो असायलाच पाहिजे. वेगळी लाइन होईपर्यंत केटल, मायक्रोवेव्ह आणि हीटर एकावेळी एकच. एक्स्टेंशन बोर्डवर हीटर लावायचा नाही, कितीही चांगला बोर्ड असला तरी नाही. स्मार्ट प्लग लावायचा विचार असेल तर त्यावर किती अँपियर लिहिलेत ते वाच, कित्येक १० चेच असतात. आणि अर्धा तास चालवल्यावर बंद करून प्लगला हात लावून बघ, किंचित कोमट असेल तर ठीक, पण चांगला गरम लागला किंवा प्लास्टिक पिवळट दिसलं तर सॉकेट ढिला आहे, लगेच बदल.

आणि आता जी गोष्ट मला हीटरइतकीच महत्त्वाची वाटते ती. तुझी ऊब जाते कुठे? तुझ्याकडे चिमणी असेल आणि ती हवा बाहेर टाकणारी असेल तर हा हिशेब बघ. तुझ्या किचनमध्ये हवा आहे साधारण १६ घनमीटर, ८ फूट उंची धरून. चिमणी बारीक स्पीडवरसुद्धा तासाला ३०० घनमीटर हवा बाहेर टाकत असेल तर दर तीन-साडेतीन मिनिटांनी किचनमधली सगळी हवा बदलली! बाहेर ५ डिग्री आणि आत १८ पाहिजे असेल तर येणारी तेवढी हवा सतत गरम करायला साधारण १३०० वॉट लागतात, म्हणजे तुझा अख्खा हीटर त्यातच गेला. याचा अर्थ चिमणी लावू नको असा नाही, गॅस चालू असताना हवा खेळती पाहिजेच, फोडणी-तळणाला चिमणी पाहिजेच. पण भाजी चिरताना, भांडी घासताना ती उगाच चालू असते ती बंद कर, आणि लागेल तेव्हा बारीक स्पीडवर चालव, फुल नको.

दुसरी जागा लोकांना सुचतच नाही. सिंकखालचं कपाट उघड, हात ओला कर आणि मागे जिथे ड्रेनेजचा पाइप भिंतीत जातो तिथे हात धर. पाइप दोन इंचांचा आणि भोक चार इंचांचं, बाजूने नुसती फट, थंडगार वारा येत असतो, तो कपाटातून खाली उतरून बरोबर तुझ्या पायांवर. तुझी सिंकची भिंत बाहेरची आहे म्हणून मला जवळजवळ खात्री वाटते की तुझी फरशी अशी गार पडण्यात या फटीचा मोठा हात आहे. सिलिकॉन किंवा फोमचा स्प्रे मारून ती फट बुजव, झुरळंही कमी होतील. खिडकीच्या चौकटीला फोमची पट्टी लाव. फक्त गॅससाठी जी जाळी किंवा व्हेंट मुद्दाम ठेवलेली असते ती कधीही बुजवायची नाही, थंडी वाजली तरी नाही. आणि उभं राहायच्या जागी खाली रबर असलेली जाडसर मॅट टाक, न सरकणारी, फरशी पायांतली उष्णता ओढून घेते ते थांबतं, सासूबाईंच्या स्टुलासमोर पण एक. मॅट हीटरच्या जाळीवर चढणार नाही एवढी आखूड घे.

हे फट बुजवणं आणि मॅट तू या रविवारीच करून टाक, हीटर यायच्या आधी. मग आठवडाभर बघ. मला वाटतं थंडी बरीच उतरेल आणि मग १००० वॉटवरच तुझं भागेल, २००० ला हात लावायची वेळ क्वचित येईल. सुताराला आणि इलेक्ट्रिशियनला एकाच दिवशी बोलव, सुतार पट्टी कापणार आणि इलेक्ट्रिशियन लाइन आणणार, वेगवेगळे आले की एक म्हणतो दुसऱ्याला आधी येऊ दे. कापण्याआधी हीटर घरी आलेला असू दे, त्याच्यासोबत कापायच्या मापाचा कागद बहुतेक येतो, तो पट्टीवर चिकटवून पेन्सिलने आखायचं आणि मगच करवत चालवायची. इलेक्ट्रिशियनला वायर आत थोडी सैल ठेवायला सांग म्हणजे पुढे सफाईला हीटर अख्खा बाहेर ओढता येईल.

सफाई लागतेच. किचनच्या जमिनीवर जे काही असतं, केस, पिठाची भुकटी, कांद्याची सालं, ते सगळं त्या जाळीकडे ओढलं जातं. महिन्यातून एकदा मेन स्विच बंद करून, हीटर पूर्ण थंड झाल्यावर व्हॅक्यूमचं तोंड जाळीवर फिरव, आणि थंडी सुरू व्हायच्या आधी एकदा जाळी काढून आतला तेलकट थर ब्रशने साफ कर, ओलं फडकं आत घालू नको. मोसमात पहिल्यांदा चालू करशील तेव्हा जरा जळका वास येईल, उरलीसुरली धूळ जळते, तो पाच-दहा मिनिटांत जातो. त्यापुढेही येत राहिला किंवा प्लास्टिकसारखा यायला लागला तर मेन बंद करून इलेक्ट्रिशियनला दाखव, तोवर चालवू नको. आणि पोकळीची उंची मोजलीस की मला लिही, १० सेंटीमीटरच्या आसपास असेल तर मॉडेल निवडताना घोळ होतो, आपण मिळून बघू.

- तुझी ताई